सभागृहांची वळणदार प्लास्टर छतं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाट्यगृहं, सभागृहं, ग्रंथालयं, देवस्थानांचे सभामंडप अशा ठिकाणची वळणदार छतं कशी करतात आणि कशी टांगतात, याबद्दल आर्किटेक्चरचे विद्यार्थी, साइट इंजिनिअर, पीओपीचे कारागीर आणि संस्थांचे विश्वस्त जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जो मुद्दा दुसरीकडे आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाईत असाल तर आधी ७ आणि १४ वाचा. खालून दिसणाऱ्या पांढऱ्या पृष्ठभागाबद्दल सगळेच विचारतात. शेकडो माणसांच्या डोक्यावरचं छत धरून ठेवतो तो मात्र त्याच्या पाठीमागचा भाग, आणि त्या दोन उत्तरांत त्याचीच चर्चा आहे.

१. पीओपी, जिप्सम बोर्ड आणि जीआरजी यांत फरक काय? सगळं जिप्समच ना?

खनिज एकच. भारतात ते मुख्यतः राजस्थानातून येतं. फरक आहे तो वापरण्याच्या पद्धतीत. पीओपी म्हणजे जिप्सम भाजून केलेली पूड. ती पाण्यात कालवून कारागीर हाताने लावतो किंवा साच्यात ओततो. जिप्सम बोर्ड कारखान्यातून सपाट येतो, दोन कागदांच्या मध्ये जिप्समचा गाभा असतो. जीआरजी म्हणजे काचेच्या धाग्यांनी बळकट केलेलं जिप्सम. ते साच्यात पातळ कवचासारखं ओततात, म्हणून त्याला हवा तो आकार देता येतो.

धागे घालून प्लास्टर मजबूत करण्याची युक्ती जुनी आहे. १८५६ मध्ये डेसाशी नावाच्या फ्रेंच कारागिराने इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं. तो गोणपाट आणि लाकडी पट्ट्या वापरायचा. आपल्याकडचे कारागीर नारळाचा काथ्या वापरतात तो याच कामासाठी. युरोप-अमेरिकेतल्या जुन्या थिएटरांची नक्षीदार छतं बहुतेक याच पद्धतीची आहेत.

२. प्लास्टर घट्ट होताना गरम का होतं? आणि कधी पटकन, कधी उशिरा का सेट होतं?

जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी रासायनिक रूपात बांधलेलं असतं. भाजताना त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं. पुढे पूड पाण्यात कालवली की ती तेवढं पाणी परत घेते, पुन्हा जिप्समचे सुईसारखे स्फटिक होतात आणि एकमेकांत गुंततात. या क्रियेतून उष्णता बाहेर पडते. घट्ट होताना प्लास्टर किंचित फुगतं, त्यामुळे साच्यातली बारीकशी रेघही त्यावर नेमकी उमटते.

या क्रियेला १०० किलो पुडीमागे १९ किलोंच्या आसपास पाणी पुरतं. पण इतक्या कमी पाण्यात पूड ओतण्यासारखी होत नाही, म्हणून साध्या पीओपीत ६० ते ८० किलो घालावं लागतं. जास्तीचं पाणी सुकून गेलं की मागे पोकळ्या राहतात आणि ताकद कमी होते. वाफेच्या दाबाखाली तयार केलेल्या ‘अल्फा’ प्लास्टरला बरंच कमी पाणी लागतं, त्यामुळे ते घट्ट आणि कठीण होतं. जीआरजीसाठी तेच वापरावं.

पटकन सेट होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण न धुतलेली बादली. तिला चिकटलेले जुने कण नव्या स्फटिकांना बीज पुरवतात आणि माल हातातच आवळतो. प्रत्येक घाण्यानंतर बादली आणि थापी धुवा. वेळ वाढवायचा असेल तर सायट्रिक आम्ल किंवा सरस अगदी थोड्या प्रमाणात चालतो. सेट होऊ लागलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा कालवणं मात्र कधीच नको. तो माल वरून बरा दिसतो, पण आत त्याला जीव नसतो.

३. ठेकेदार म्हणतो, ‘जिप्सम बोर्ड ओला करून वाकवतो, साचा कशाला?’ खरं आहे का?

वळण एकाच दिशेला असेल तर खरं आहे. कमान, लाट, अर्धा नळकांडा हे आकार सपाट पत्र्यातून होतात. युरोपीय उत्पादकांच्या तक्त्यांत १२.५ मिमी बोर्ड कोरडा असताना साधारण पावणेतीन मीटर त्रिज्येपर्यंत वाकतो, ओला केल्यावर एक मीटरपर्यंत. ६.५ मिमीचा लवचिक बोर्ड कोरडा एक मीटरपर्यंत आणि ओला तीस सेंटीमीटरपर्यंत जातो. तुमच्या बोर्डाच्या कंपनीचे आकडे वेगळे असतील, तेच पाळा.

वळण दोन्ही दिशांना असलं, म्हणजे घुमट, खोगीर किंवा एकातून दुसऱ्या आकारात वळत जाणारा पृष्ठभाग असला, की बोर्ड चालत नाही. पोळी उपड्या वाटीवर पसरली तर कडेला चुण्या पडतात; बोर्डाला चुण्याही पडत नाहीत, तो सरळ मोडतो. हे का अटळ आहे, ते जर्मन गणितज्ञ गाउसने १८२७ मध्ये सिद्ध केलं: सपाट कागद न ताणता, न फाडता गोलावर बसवता येत नाही. तेव्हा इथे कारागिराच्या हाताचा दोष नसतो. अशा ठिकाणी दोनच रस्ते उरतात: साच्यातलं जीआरजी, किंवा जाळीवर हाताने घडवलेलं पीओपी (पाहा प्रश्न १७).

बरीच छतं मिश्र असतात. मोठा भाग एकाच दिशेने वळतो आणि फक्त कोपरे दुहेरी वळणाचे असतात. अशा वेळी तेवढेच कोपरे साच्यातून काढले तर खर्च खूप वाचतो. त्यासाठी ड्रॉइंगवर दोन्ही भाग वेगळ्या रंगांनी रंगवून बघा. सगळ्यांनी आधी एवढं एक काम करावं असं मला मनापासून वाटतं.

४. साचा कशाचा करतात?

एकाच आकाराचे अनेक तुकडे हवे असतील तर आधी लाकूड, माती किंवा प्लास्टरमध्ये एक नमुना घडवतात आणि त्यावरून फायबरग्लासचा साचा काढतात. नक्षीला खाचा असतील तर सिलिकॉन रबर लागतं, नाहीतर तुकडा साच्यातून सुटत नाही. प्रत्येक तुकडा वेगळा असेल तर सीएनसी यंत्रावर (संगणकाने चालणारं कोरीव यंत्र) दाट फोम किंवा एमडीएफ (दाबून केलेली लाकडी फळी) कोरून साचा करतात. तो एकदाच वापरला जातो, म्हणून महाग पडतो.

प्लास्टरचा साचा अजूनही वापरतात. त्याला लाखेचे हात देऊन वर साबणाचं पाणी किंवा तेल फिरवलं की ओतलेला तुकडा अलगद सुटतो.

सरळ किंवा गोल फिरणाऱ्या कॉर्निससाठी, म्हणजे भिंत आणि छत यांच्या कडेच्या नक्षीदार पट्टीसाठी, साचाही लागत नाही. पत्र्यात आकार कापून तो लाकडी घोडीवर बसवायचा आणि मऊ प्लास्टरवरून ओढायचा. वर्तुळ असेल तर घोडी मधल्या खिळ्याभोवती फिरवायची. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या इमारतींतली वर्तुळाकार कॉर्निस अशीच झाली आहेत. हे कौशल्य आपल्या कारागिरांनी हातचं जाऊ देऊ नये.

५. जीआरजीचं पॅनेल किती जाड आणि किती जड असतं?

कवच साधारण ६ ते १० मिमी. साच्यावर आधी बिनधाग्याचा पातळ थर फवारतात. खालून दिसते ती बाजू हीच. मग प्लास्टर आणि काचेचे धागे थराथराने घालून रोलरने दाबतात, म्हणजे आत हवा राहत नाही. मागच्या बाजूला कडेने आणि मधून बरगड्या ओततात, आणि टांगण्यासाठीचे गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेले) लोखंडी तुकडे त्यांतच बसवतात.

नुसत्या कवचाचं वजन चौरस मीटरला १० ते १५ किलो धरा. बरगड्या आणि पोलादी सांगाडा मिळून आकडा त्याच्या दुपटीपर्यंत जातो. संगीताच्या सभागृहात मुद्दाम जड पॅनेल लागतात (पाहा प्रश्न ११). पॅनेल साच्यातून काढल्यावर सपाट टेकवून ठेवू नका, त्याच्या आकाराच्या घोडीवर ठेवा. ओलं पॅनेल स्वतःच्या वजनाने वाकडं होतं आणि वाकडं झालेलं तसंच सुकतं.

६. सगळं नीट बसवलं तरी सांधे दिसतातच. का?

कारण बहुधा दिवा. छताला लगटून जाणारा उजेड एक मिमीचा उंचवटाही सावलीत दाखवतो, आणि वळणदार छतात कोव्हमधले, म्हणजे कडेच्या खाचेत लपवलेले, दिवे नेमके तसेच असतात. सांधा भरताना आणि घासताना त्याच कोनातून दिवा लावून बघा; ट्यूबलाइटच्या उजेडात पास केलेलं काम उद्घाटनाच्या दिवशी उघडं पडतं.

दुसरं कारण सांध्याच्या मागे असतं. दोन पॅनेलच्या कडा मागून बोल्टने एकमेकींना जोडून, वरून धागे घातलेल्या प्लास्टरची पट्टी द्यावी लागते. नुसत्या पुट्टीने भरलेला सांधा काही महिन्यांत केसासारखा फाटतो. आणि जिथे इमारतच हलते, तिथे सांधा लपवायला जाऊच नये (पाहा प्रश्न १०).

७. छत टांगतात नक्की कसं? वरती काय काय असायला हवं?

सपाट फॉल्स सीलिंगची ठरलेली पद्धत सगळ्यांना माहीत आहे: साधारण १२२० मिमीवर इंटरमिजिएट चॅनल, त्याला आडव्या ४५७ मिमीवर सीलिंग सेक्शन (दोन्ही पत्र्याच्या पट्ट्या), आणि ते वर धरणारे पट्टीचे हँगर. वळणदार छताला तीच पद्धत लावणं ही सगळ्यात धोकादायक सवय आहे, आणि त्याचं कारण भूमितीत आहे.

समजा सगळं धरून छताचं वजन पृष्ठभागाच्या चौरस मीटरला ३० किलो आहे आणि तुम्ही प्लॅनवर दर चौरस मीटरला एक हँगर दिला. मधल्या सपाट भागात प्रत्येक हँगरवर ३० किलो येतील. कडेला जिथे छत ६० अंशांनी उतरतं, तिथे प्लॅनवरच्या एका चौरस मीटरमध्ये पृष्ठभाग दोन चौरस मीटर असतो. तिथल्या हँगरवर ६० किलो. उतार आणखी तीव्र झाला की आकडा झपाट्याने वाढतो. म्हणून हँगरचं अंतर प्लॅनवरून ठरवू नका, पृष्ठभागावरून ठरवा.

पुढची गोष्ट तिरप्या ओढीची. वर डक्ट (एसीच्या हवेचा नळ) किंवा तुळई आडवी आली की कारागीर हँगर तिरका बांधतो. तिरका हँगर छताला बाजूला ओढतो. त्याच्या विरुद्ध दिशेला तेवढाच आधार दिला नाही तर ती ओढ सांध्यांवर जाते. डक्ट आडवा येत असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंनी उभे रॉड सोडून खाली आडवा चॅनल टाकावा आणि त्याला टांगावं.

अँकर म्हणजे हँगर वरच्या स्लॅबला धरून ठेवणारा बोल्ट. त्याबाबत मी तडजोड करणार नाही. काँक्रीटमध्ये प्लास्टिकचा प्लग आणि स्क्रू यावर लोकांच्या डोक्यावरचं वजन टांगू नये. धातूचे, छतात वापरण्यासाठी प्रमाणित केलेले अँकर घ्या आणि त्यांतले निवडक अँकर प्रत्यक्ष ओढून तपासा. पोस्ट-टेन्शन स्लॅब (आत ताणलेल्या केबली असलेला) असेल तर ड्रिल लावण्यापूर्वी आतल्या केबलींच्या जागा स्कॅन करून स्लॅबखाली आखून घ्या. ताणलेली केबल तुटली तर कारागिराचा जीव जाऊ शकतो. वर लोखंडी ट्रस (नळ्यांची त्रिकोणी जाळीदार तुळई) असेल तर वजन शक्यतो ट्रसच्या गाठींवर, म्हणजे नळ्या एकत्र येतात तिथे, घ्या, मधल्या पातळ नळीवर नको. आणि ट्रसच्या हिशोबात हे वजन मुळात धरलं होतं का, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या.

शेवटची कसोटी अशी: कुठलाही एक हँगर तुटला असं धरा. शेजारचे हँगर त्याचं वजन घेतात का? घेत नसतील तर मांडणी बदला. सार्वजनिक इमारतीत एका बोल्टच्या भरवशावर छत नसावं.

८. संगणकातलं वळण साइटवर उतरवायचं कसं? ओळंबा आणि सूत पुरे का?

साध्या घुमटाला पुरे. मध्यबिंदू आणि त्रिज्या मिळाली की सूत, ओळंबा आणि लेझर लेव्हलवर उत्तम काम होतं. मुक्त आकाराला टोटल स्टेशन, म्हणजे बिंदूची अचूक जागा मोजणारं सर्वेक्षणाचं यंत्र, लागतं. प्रत्येक पॅनेलच्या चार कोपऱ्यांचे एक्स, वाय, झेड आकडे मॉडेलमधून काढून त्यांची यादी करतात, आणि पॅनेल वर चढवल्यावर त्याचे कोपरे त्या आकड्यांवर आणतात. म्हणूनच हँगरला खालीवर करता येणारा आटा आणि बाजूला सरकवता येणारी खाच, दोन्ही हवं.

त्याआधी एक काम: झालेल्या इमारतीचं थ्रीडी स्कॅन. काँक्रीट ड्रॉइंगप्रमाणे उतरत नाही, दोन-तीन सेंटीमीटर इकडेतिकडे होतंच. मॉडेल त्या खऱ्या मापांवर बसवल्यावरच साचे कापायला घ्या.

९. साइट तयार आहे हे कसं ओळखायचं?

वरचं वॉटरप्रूफिंग होऊन पाणी साठवून तपासलेलं, इमारत दारं-खिडक्यांनी बंद झालेली, डक्ट आणि स्प्रिंकलरचे (आग लागल्यावर पाणी फवारणारे) पाइप जागेवर बसून दाबाखाली तपासलेले. फरशीचं आणि गिलाव्याचं ओलं कामही आटोपलेलं असावं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात जीआरजी सुकायला फार वेळ लागतो. वर्कशॉपमध्ये हवा खेळती ठेवून सुमारे ४० अंशांपर्यंत गरम करता आली तर बरं. त्याहून फार गरम केलं तर जिप्सममधलं बांधलेलं पाणीच सुटायला लागतं आणि पृष्ठभाग भुसभुशीत होतो.

१०. भेगा टाळता येतात का?

बऱ्याच टाळता येतात. इमारत उन्हाने, वजनाने, वाऱ्याने हलते, छतही सुकताना हलतं. अखंड छताला साधारण ९ ते १५ मीटरवर हालचालीचा सांधा लागतो. छताची कड भिंतीपासून सुटी ठेवली असेल तर अंतर जास्त चालतं, भिंतीला घट्ट केली असेल तर कमी. इमारतीचा एक्स्पान्शन जॉइंट (हालचालीसाठी सोडलेली फट) जिथे आहे, तिथे छतही कापलंच पाहिजे. आर्किटेक्टला ती रेघ नको असते, हे मी समजू शकतो. मग ती रेघ डिझाइनचा भाग करावी: दोन लाटांमधली खाच, कोव्हची कड. नाकारली तर ती आपल्याला हवी तिथे नाही, इमारतीला हवी तिथे उमटते.

११. आमच्या हॉलला सुंदर घुमट केला, पण बोललेलं कळत नाही. का?

आतून खोलगट असलेला पृष्ठभाग आवाज एका ठिकाणी गोळा करतो. विजापूरच्या गोल घुमटात लोक त्याचीच मजा घ्यायला जातात, पण भाषणाच्या किंवा नाटकाच्या सभागृहात तोच दोष ठरतो. लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल १८७१ मध्ये उघडला तेव्हापासून त्याच्या घुमटाच्या प्रतिध्वनीचा त्रास होता. अखेर १९६९ मध्ये घुमटाखाली फायबरग्लासच्या मोठ्या तबकड्या टांगल्या तेव्हा तो बराच कमी झाला.

एक ठोकताळा उपयोगी पडतो. वळणाची त्रिज्या श्रोत्यांपासून छताच्या उंचीच्या निम्म्याहून कमी किंवा दुपटीहून जास्त ठेवा. उंची १० मीटर असेल तर ५ ते २० मीटर त्रिज्या टाळा. मधली त्रिज्या ठेवली की आवाजाचा केंद्रबिंदू लोकांच्या कानांपाशी येतो. घुमट झालाच असेल तर त्याचा आतला भाग ध्वनिशोषक प्लास्टरने किंवा छिद्रं असलेल्या पॅनेलनी मढवता येतो, किंवा खाली बाहेरच्या बाजूने फुगीर पट्टे टांगता येतात. फुगीर पृष्ठभाग आवाज पसरवतो.

संगीताच्या सभागृहात उलटी गरज असते. पातळ छत थरथरतं आणि खर्जाचा आवाज खाऊन टाकतं, म्हणून तिथे पृष्ठभाग जड करतात. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एल्बफिलहार्मोनी या संगीतसभागृहात (२०१७) जिप्सम आणि धाग्यांची सुमारे १० हजार दाट पॅनेलं आहेत. प्रत्येकावर यंत्राने वेगवेगळे खळगे कोरले आहेत, म्हणजे आवाज मऊपणे पसरतो. चीनमधल्या ग्वांगझूच्या ऑपेरा हाउसमध्ये (२०१०) आर्किटेक्ट झाहा हदीद यांनी भिंती आणि छत जीआरजीमध्ये एकसंध वळवलं आहे. दोन्हीकडे ध्वनितज्ज्ञ डिझाइनच्या टप्प्यापासून सोबत होते. आपल्याकडे त्यांना छत लागल्यावर बोलावतात, तेव्हा त्यांच्या हाती उरतो तो फक्त पडदा आणि गालिचा.

१२. दिवे, एसीचे ग्रिल, स्प्रिंकलर हे सगळं वळणावर बसवायचं कसं?

त्यांची भोकं साच्यातच ठेवा. तयार पॅनेलला नंतर भोक पाडलं तर बरगडी कापली जाण्याची भीती असते. ग्रिलला सपाट बैठक लागते, ती पॅनेलमध्येच ओतून घ्या. स्प्रिंकलरची जागा अग्निशमनवाले ठरवतात, आर्किटेक्ट नाही. लाटेच्या खोल भागात पाणी पोचतं का, ते त्यांच्याकडून तपासून घ्या. छताच्या वर माणसाला चालता येईल अशी मार्गिका हवी, आणि ती स्लॅबला किंवा ट्रसला स्वतंत्र टांगलेली हवी. दिवा बदलायला गेलेल्या माणसाने जीआरजीवर पाय ठेवला तर तो प्रेक्षकांत पडेल.

१३. प्लास्टर जळत नाही, मग आगीला घाबरायचं कशाला?

प्लास्टर जळत नाही हे खरं. १०० किलो जिप्सममध्ये २१ किलो पाणी असतं आणि आगीत ते वाफ होऊन निघेपर्यंत मागची बाजू फार तापत नाही. पण पातळ जीआरजी म्हणजे अग्निरोधक भिंत नव्हे. ठरावीक मिनिटांचं अग्निरोधक छत हवं असेल तर तपासून प्रमाणित झालेली पूर्ण रचना लागते. शिवाय आग छताच्या वरच्या पोकळीत पसरते: वायरी, डक्टचं आवरण, जुन्या इमारतीत लाकूड आणि साठलेली धूळ. मोठ्या पोकळीत आडवे अग्निरोधक पडदे आणि धुराचे डिटेक्टर हवेत.

१४. आमचं नाट्यगृह जुनं आहे, छत प्लास्टरचं. खालून ठणठणीत दिसतं. तपासायची गरज आहे का?

आहे, आणि खालून बघून भागणार नाही. १९ डिसेंबर २०१३ रोजी लंडनच्या अपोलो थिएटरमध्ये प्रयोग चालू असताना छताचा मोठा तुकडा प्रेक्षकांवर कोसळला. सुमारे ८० जण जखमी झाले. थिएटर १९०१ चं. छत लाकडी चौकटीला बांधलं होतं ते प्लास्टरमध्ये बुडवलेल्या तरटाच्या पट्ट्यांनी. शंभर वर्षांत त्या पट्ट्या कुजून दुबळ्या झाल्या होत्या. खालचं नक्षीकाम शेवटपर्यंत चांगलं दिसत होतं. त्यानंतर ब्रिटनमध्ये थिएटरांची छतं वरून, जवळून आणि ठरावीक काळाने तपासण्याची पद्धत कडक झाली.

आपल्याकडच्या जुन्या छतांना काथ्या, तरट, लाकूड, साधी लोखंडी तार, काहीही असू शकतं. त्यात लोखंडी तारेकडे विशेष लक्ष द्या. सिमेंट क्षारयुक्त असल्याने लोखंडाला गंजापासून वाचवतं. जिप्सम वाचवत नाही. दमट हवेत आतली तार गंजत जाते आणि बाहेर फक्त तांबूस डाग दिसतो. तो डाग रंगाखाली झाकू नका, त्याच्यामागे काय आहे ते बघा.

तपासणी अशी करा. आधी वरची धूळ आणि कबुतरांची घाण काढून पोकळीत उजेड करा. मग प्रत्येक बंध जवळून पाहून त्याचा फोटो काढा, प्लॅनवर क्रमांक द्या. लाकडाला टोचणी लावून बघा, वाळवी किंवा कुज कळते. खालून परांचीवर चढून हलक्या हाताने ठोकत जा. पोकळ आवाज आला त्या जागी खूण करून ठेवा. छतावरची डागडुजी, नव्याने टांगलेले स्पीकर, एसीचे डक्ट यांचं वजन जुन्या चौकटीवर पडलं आहे का, ते बघा. जागा दुबळी निघाली तर छत पाडायलाच हवं असं नाही. पाठीमागून नव्या स्टेनलेस तारा आणि धाग्यांचं प्लास्टर देऊन जुनं नक्षीकाम वाचवता येतं.

वाचवण्यासारखं आपल्याकडे खूप आहे. १९११ मध्ये उद्घाटन झालेलं मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस बरीच वर्षं बंद राहून २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. त्याचं आठ भागांचं घुमटाकार छत आज पुन्हा पाहता येतं. १९४९ च्या मुंबईच्या लिबर्टी सिनेमाचं आर्ट डेको शैलीतलं अंतरंग आर्किटेक्ट वामन नामजोशी यांचं. जयपूरचं राज मंदिर सिनेमागृहही (१९७६) त्यांचंच. दिवे लपवून छताला वळणं देण्याची त्यांची हातोटी या क्षेत्रातल्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने जाऊन बघावी.

१५. वरून पाणी गळून छत ओलं झालं. सुकलं की चालेल ना?

ओल्या जिप्समची ताकद कोरड्याच्या निम्म्याच्या आसपास उतरते. एकदाच थोडं भिजून लगेच सुकलं असेल तर ती बरीचशी परत येते. पुन्हा पुन्हा भिजलं तर नाही, कारण जिप्सम पाण्यात किंचित विरघळतं आणि स्फटिकांची गुंफण सैल होते. त्यात काथ्या कुजतो आणि तार गंजते. छताचा भाग फुगला किंवा खाली आला असेल तर खालची जागा आधी रिकामी करा. पाणी साठलेलं दिसलं तर परांचीवरून, बाजूने लहान भोक पाडून ते काढतात. खाली उभं राहून काठीने टोचू नका. मग गळती बंद करून प्रश्न १४ प्रमाणे तपासणी.

१६. भूकंपाचा विचार छताला कशाला? ते तर टांगलेलंच आहे.

टांगलेलं आहे म्हणूनच. ते झोके घेतं, भिंतीवर आपटतं आणि कडेची पॅनेलं आधी फुटतात. कोयना (१९६७) आणि किल्लारी (१९९३) अनुभवलेल्या राज्यात हा प्रश्न विचारावा लागू नये. कडेला मोकळी फट, ठरावीक अंतरावर चारही दिशांना तिरपे आधार, आणि जड दिवे-डक्ट यांना छतापासून स्वतंत्र टांगणी, एवढं किमान हवं. स्ट्रक्चरल इंजिनिअरने हा हिशोब आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाप्रमाणे करावा.

१७. साच्याचं बजेट नाही. जाळीवर हाताने घुमट करून घेतला तर?

एकच घुमट असेल तर चांगला पर्याय आहे, आणि कुशल मिस्त्री तो देखणा करतो. लोखंडी फासळ्या, त्यांवर जाळी, वर पीओपीचे थर. तीन अटी. फासळ्या आणि जाळी गॅल्व्हनाइज्डच हवी, कारण प्रश्न १४ मध्ये आलं आहे. जाडी मोजत राहा: हाताने लावताना ती सहज २५ मिमीवर जाते, मग नुसतं प्लास्टरच चौरस मीटरला २५ ते ३० किलो होतं. आणि गोलाई मध्यबिंदूवर फिरणाऱ्या लाकडी फर्म्याने तपासा, नजरेने नाही.

१८. बिल प्लॅनच्या क्षेत्रफळावर की छताच्या?

छताच्या उलगडलेल्या क्षेत्रफळावर, आणि हे निविदेत स्पष्ट लिहा. अर्धगोल घुमटाचं क्षेत्रफळ त्याच्या पायाच्या वर्तुळाच्या बरोबर दुप्पट असतं. १० मीटर व्यासाचा असेल तर प्लॅनवर साडेअठ्ठ्याहत्तर चौरस मीटर, प्रत्यक्षात १५७. तोच घुमट उथळ ठेवून फक्त २ मीटर उंच केला तर ९१. एवढा फरक तोंडी ठरावावर सोडला की भांडण ठरलेलं. साचे, वरचा सांगाडा आणि अँकरची चाचणी यांच्या ओळी वेगळ्या ठेवा. सगळं एका दरात कोंबलं की ठेकेदार जिथे कुणी बघत नाही तिथे बचत करतो, म्हणजे वर.

१९. प्रवेशद्वाराच्या बाहेरच्या पोर्चलाही तेच वळण पुढे न्यायचं आहे. जीआरजी चालेल?

नाही. पावसाची झड लागते तिथे जीआरसी घ्या, म्हणजे सिमेंट आणि क्षारांना टिकणारे काचेचे धागे. ते जास्त जड असतं, म्हणून सांगाडा वेगळा काढावा लागतो. काचेच्या दरवाजाच्या रेषेवर दोन्ही पदार्थांमध्ये उघडी खाच ठेवा. दोघांचं आकुंचन-प्रसरण वेगळं असतं.

२०. देणगीदाराने मोठं झुंबर दिलं आहे. घुमटाच्या मध्याला टांगू का?

घुमटाला नाही, घुमटातून. झुंबराचा रॉड छताच्या मध्यातल्या भोकातून वर जाऊन थेट स्लॅबला किंवा तुळईला धरलेला हवा, आणि त्या भोकात रॉडभोवती मोकळी जागा हवी, म्हणजे झुंबर हललं तरी प्लास्टरला धक्का लागत नाही. फट झाकायला सजावटीची चकती लावतात. झुंबर साफसफाईसाठी खाली उतरवायचं असेल तर वर मोटर, तिच्यापर्यंत जाण्याची मार्गिका (पाहा प्रश्न १२) आणि मुख्य रॉडखेरीज दुसरी सुरक्षा-तार लागते. झुंबराचं वजन देणगीदाराकडून अंदाजाने ऐकू नका. ते काट्यावर घाला आणि तो आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरला लेखी कळवा.